होलिस्टिकचा जय भीम

होलिस्टिकने कधी कुणाला साधं 'कशी आहेस?' म्हणून विचारलं नाही. रस्त्यात भेटो, कुणाच्या बारशाला भेटो, ती समोर उभी राहायची, मान जराशी तिरकी करायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "आत्ता, या क्षणी, तू कुठे आहेस?" पहिल्यांदा तिने मला हे विचारलं ते इंग्लंडात, रीडिंग गावच्या एका सुपरमार्केटात. मी म्हटलं, "कांद्यांपाशी." तर तिने अशी मान डोलावली की मी जणू काही फार खोलातलं बोलून गेले. "थँक यू फॉर शेअरिंग, ताई," म्हणाली. घरी येऊन मी हे मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं तेव्हा तो सोफ्यावर आडवा पडून हसला होता. त्या दिवसांत मिलिंद हसायचा.

होलिस्टिक हे नाव आमच्या इथल्या मराठी ग्रुपने ठेवलेलं. बाई मूळच्या कोथरूडच्या. इथे आधी एका विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होत्या. चाळिशी जवळ आली तसा त्यांना साक्षात्कार झाला की आपला जन्म माणसांसाठी आहे, आणि नोकरी सोडून त्यांनी थेरपिस्टच्या कोर्सला नाव घातलं. नवरा लंडनच्या बँकेत, त्यामुळे साक्षात्कार परवडला. कोर्स चांगला काही वर्षांचा, पण कार्डं आधीच छापून आली. 'थेरपिस्ट इन ट्रेनिंग. समाजभान असलेली, होलिस्टिक मानसिक आरोग्यसेवा.' खाली एक हिरवं पान आणि त्यावर दवाचा थेंब. ते कार्ड तिने हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटलं, काय सांगू! लोक स्टीलच्या वाट्या देतात, हिने स्वतःला दिलं. त्या दिवसापासून ती होलिस्टिक.

तिच्या लेखी कुणाचंही दुःख त्याचं एकट्याचं नसायचं. माझं डोकं दुखतंय म्हटलं की सुरू. "ताई, या डोक्यात तू एकटी नाहीयेस, अख्खी सिस्टिम बसलीय." मी म्हणायचे, "मग सिस्टिमलाही एक पॅरासिटमॉल दे." आमचा बॉयलर भर जानेवारीत बंद पडला तेव्हा ती घरी येऊन भाडेकरूंच्या मानसिक आरोग्यावर बोलली, आणि आम्ही तिघं, मी, मिलिंद आणि आमची लेक, अंगात कोट घालून ऐकत बसलो. मग तिने घरमालकाला फोन लावून असं काही झापलं की दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस हजर. म्हणजे बाई चुकीची नव्हती हो. पण बरोबर असण्याचीही एक रीत असते, आणि हिच्या रीतीने माणूस बॉयलरआधी दमायचा.

कोर्सात तिला गप्प बसायला शिकवलं. समोरचा बोलताना अडखळला की आपण मध्ये बोलायचं नाही, थांबायचं. हे तिने इतकं मनावर घेतलं की फोनवरसुद्धा मध्येच गप्प व्हायची. मी आपली, "हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का?" बऱ्याच वेळाने तिकडून हळूच आवाज यायचा, "मी इथेच आहे ताई. मी तुला जागा देतेय." अगं, मला जागा नको, तुझ्याकडे पडलेला माझा मोठा कुकर हवाय! दुसरं शिकवलं ते समोरच्याचं बोलणं त्यालाच परत करायचं. एकदा जेवताना मी विचारलं, "वरणात मीठ कमी झालंय का गं?" ती म्हणाली, "म्हणजे मीठ कमी पडल्याची भीती तुला वाटतेय." मी म्हटलं, "भीती कशाला वाटेल बाप्पा? चव लागत नाहीये."

पण खरी कमाल केली ती तिच्या समाजभानाने. आम्ही नागपूरचे, माझं माहेर इंदोऱ्याचं, सासर अजनीचं. घरात बुद्ध आणि बाबासाहेब भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. हे तिने पहिल्याच भेटीत पाहिलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी मी काचेची असल्यासारखं बोलत होती. मग एका शनिवारी ती लंडनला कुठल्याशा वर्कशॉपला गेली आणि तिथून थेट आमच्याकडे जेवायला आली. मी पानं वाढली. हिने पानासमोर हात जोडले. मला वाटलं वदनी कवळ म्हणते की काय. तर म्हणाली, "ताई, मिलिंददादा, माझ्या पूर्वजांच्या वतीने मला तुमची माफी मागायची आहे." मिलिंदच्या हातातला घास हातात राहिला. तो म्हणाला, "माफी राहू द्या, आधी भाकर घ्या. गार होऊन राहिली."

जेवण झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि जातीचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो ते मला समजावून सांगितलं. स्लाइडी होत्या, बाण होते. मला! इंदोऱ्याच्या पोरीला! माझी आजी गावच्या विहिरीपासून लांब घागर घेऊन ताटकळत उभी राहायची, आणि ही मला बाण काढून दाखवतेय. मी तिला तसं तोंडावर सांगितलंसुद्धा. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "ताई, तुझा राग मला ऐकू येतोय." मी म्हटलं, "ऐकू येतोय ना? मग ऊठ आणि ताटं उचल." तिने उचलली. घासलीही. ओटाही पुसला. कामाला ती कधी मागे नव्हती, एवढं मात्र मी तिच्या शत्रूपुढेही सांगेन.

आणि तिचा तो जय भीम! वर्कशॉपनंतर तिने तो उचलला. मी सुपरमार्केटात शिरले की चीजच्या कपाटापासून मासळीपर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी यायची, "जय भीम, ताई!" गोरी म्हातारी माणसं ट्रॉल्या थांबवून बघायची. आमच्याकडे जय भीम असा नसतो हो. माझे सासरे, बाबा, अजनीला रेल्वेत होते. सकाळी फिरायला निघाले की वाटेत शाळेतलं पोट्टं भेटो नाहीतर साहेब भेटो, हात आधी बाबांचे जोडले जायचे. आवाज अगदी साधा. "समोरच्याची वाट नाही पाहाची," म्हणायचे. "जय भीम आपून आधी घालाचा." मिलिंदने ती सवय इकडे आणली होती. जयंतीचा आमचा कार्यक्रम दर एप्रिलला एका चर्चच्या हॉलमध्ये असतो. तिथे मिलिंद दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला आधी जय भीम घालायचा, आणि मग दिवसभर माइक त्याच्याच हातात.

होलिस्टिकला एका चॅरिटीत, म्हणजे सेवाभावी संस्थेत, शिकाऊ म्हणून क्लायंट मिळायला लागले तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना एक नियम समजावून सांगितला. थेरपिस्टने बाहेर कुठे क्लायंट दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. क्लायंटने आधी दाखवली तरच आपण दाखवायची. म्हणजे त्याचं गुपित राहतं. नियम चांगला आहे, लंडनसारख्या ठिकाणी चालतही असेल. पण आमचे इथले मराठी लोक म्हणजे एकाच्या घरी शिंक आली तर दुसऱ्याच्या घरून काढा येतो. त्या वर्षी शेजारच्या ब्रॅकनेलला दिवाळीचा कार्यक्रम झाला. होलिस्टिक दारातून आत आली ती मिठ्या मारत. हिला मिठी, तिचा गालगुच्चा, याला "या क्षणी कुठे आहात?" आणि मध्येच एका जोडप्यासमोरून अशी निघून गेली की तिथे नुसती खुर्ची असावी. झालं! पुऱ्या तळून होईपर्यंत अख्ख्या हॉलला कळलं की त्या दोघांचं काहीतरी बिनसलंय आणि ते हिच्याकडे जातात. हिला मात्र वाटत होतं की आपण गुपित काय सुंदर राखलं! ते जोडपं जेवायला थांबलं नाही.

मीच तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "अगं शहाणे, सगळ्यांना मिठ्या मारून दोघांनाच टाळलंस, तर कुणाला कळणार नाही?" तिचं तोंड पांढरं पडलं. त्या दिवशी तिने माझं बोलणं मला परत केलं नाही, जागाही दिली नाही. नुसती रडली. ते जोडपं पुन्हा तिच्याकडे गेलं नाही, असं नंतर कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नका, आमच्यात सगळं कळतं.

आणि मग बाबा गेले. आमचा व्हिसा वाढवण्याचा अर्ज तेव्हा सरकारकडे पडला होता, आणि अर्ज चालू असताना देश सोडला की अर्ज रद्द. म्हणजे नोकरी, घर, लेकीची शाळा, सगळंच गेलं. मिलिंदने बापाला शेवटचं पाहिलं ते ब्रॅकनेलच्या ऑफिसच्या कारपार्कमध्ये, गाडीत बसून, फोनवर. तिकडे स्मशानात धाकट्या भावाने फोन धरला होता. ते संपल्यावर मिलिंद वर जाऊन मीटिंगला बसला. संध्याकाळी घरी आला, बूट काढले, म्हणाला, "झालं सगळं नीट." तो रडला नाही. मी वाट पाहिली, पण तो रडलाच नाही.

त्यानंतर माझा नवरा हळूहळू बंद होत गेला. आधी हसणं गेलं, मग माणसं. कुणी येणार म्हटलं की हा वॉकला जायचा. ज्याचे हात सगळ्यांच्या आधी जोडले जायचे, तो ओळखीचं कुणी समोरून येताना दिसलं की रस्ता ओलांडायचा. लेक विचारायची, "पप्पा माझ्याशी का नाही बोलते?" इथल्या पोरांचं मराठी असंच, पण त्या प्रश्नावर मला तिला दुरुस्त करवलं नाही. मला भीती वाटायला लागली होती. माणूस रोज घरी येत होता, जेवत होता, पैसे कमवत होता, आणि तरी माझ्या हातातून जात होता. डॉक्टरने त्याचं नाव थेरपीच्या वेटिंग लिस्टवर टाकलं आणि तोवर इंग्रजीतलं एक अ‍ॅप दिलं. मिलिंदने ते एकदा उघडलं आणि बंद केलं. म्हणाला, "माय फादर पास्ड अवे असं म्हटलं की दुसऱ्याच कुणाचा तरी बाप गेल्यासारखं वाटतं."

मी गेले होलिस्टिककडे. जिची आयुष्यभर टर उडवली तिच्याच दारात. म्हटलं, "तू मराठी बोलतेस. एकदा बस त्याच्याशी." तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मला नाही करता येणार. मी तुमच्या घरी जेवते. मी तुम्हाला ओळखते. ही बाउंडरी आहे." मग माझाही तोल सुटला. "वरणातल्या मिठापासून बॉयलरपर्यंत तुझी थेरपी चालते, न मागता चालते, आणि इथे माझं घर बुडतंय तर बाउंडरी? कसलं तुझं समाजभान? कार्डावरच्या पानाएवढंच ना?" ती गप्प बसली. मी दार आपटून निघाले. जागा दे म्हणावं दाराला!

त्यानंतर ती आमच्या आयुष्यातून गेलीच. घरी येणं बंद, मेसेजला उत्तर नाही, ग्रुपमधूनही बाहेर पडली. सुपरमार्केटात मला पाहिलं की कुत्र्यामांजरांच्या खाण्याच्या रांगेत शिरायची. घरात साधा पोपट नाही हिच्या! मी मनात म्हटलं, बघा, खरं बोललं की कोथरूडला लागतं. हळदीकुंकवाला मी तिची नक्कल करायचे, मान तिरकी, डोळे बारीक, "या क्षणी कुठे आहात?" बायका पोट धरून हसायच्या. एकदा मी ती घरी केली तर मिलिंद ताटावरून उठला. "तिची नक्कल नको करत जाऊ," म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज जरा चढला होता! नक्कल थांबवावी लागल्याचं वाईट वाटण्यापेक्षा मला त्याचाच आनंद झाला.

हिवाळाभर तो दर शनिवारी सकाळी एकटाच चालायला जायचा आणि डोळे लाल करून यायचा. मी विचारलं की "थंडी आहे," म्हणायचा. पण एक दिवस त्याने आपण होऊन वांग्याची भाजी मागितली, बाबा करायचे तशी, झणझणीत. एका रात्री लेकीला बाबांची गोष्ट सांगताना ऐकला. मी काही विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर थांबेल.

एप्रिल आला. जयंतीला आम्ही येणार नाही असं मी ग्रुपवर आधीच कळवलं होतं, कारण मिलिंद नको म्हणाला होता. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तो निळा शर्ट घालून खाली आला आणि म्हणाला, "चल." आम्ही हॉलमध्ये शिरलो, आणि समोर चहाच्या टेबलाशी कोण? होलिस्टिक. आम्ही नाही हे वाचूनच कुणीतरी तिला मदतीला बोलावलं असणार, आणि कामाला ती नाही म्हणत नाही. तिने आम्हाला पाहिलं आणि पटकन थर्मासच्या तोंडात अशी डोकावली की जणू चहात काही पडलंय. मी मनात म्हटलं, बस अशीच थर्मासात. मी काही तुझी क्लायंट नाही, मला काय चोरी आहे ओळख दाखवायची? पण दाखवणार नाही.

मिलिंदने माझा हात सोडला. हॉलमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमाला असलेली निम्मी मंडळी होती, आणि होलिस्टिकचा तो ओळख न दाखवण्याचा नियम त्यांना तोंडपाठ होता. त्या सगळ्यांच्या देखत तो सरळ चालत चहाच्या टेबलापाशी गेला, तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले. "जय भीम," म्हणाला. अगदी साधा आवाज, अजनीच्या सकाळचा.

ती थर्मासातून वर आली. तिच्या तोंडून आरोळी नाही, मिठी नाही, एकही प्रश्न नाही. "जय भीम," ती म्हणाली, त्याच्याच आवाजात, आणि एक कप चहा त्याच्यापुढे केला. मला कळलं. मलाच काय, हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. मिलिंदला ते माहीत होतं, आणि तो तिथेच उभा राहून सावकाश चहा प्यायला. कुणीतरी माइक पुढे केला. "पुढच्या वर्षी," मिलिंद म्हणाला.

परतताना गाडीत मी विचारलं, "कधीपासून?"

"तू भांडून आलीस ना, त्याच्या नंतर. मीच चॅरिटीला फोन केला. मराठी बोलणारं कुणी आहे का विचारलं. ती एकटीच होती."

"मला तर नाही म्हणाली होती!"

"मलाही म्हणाली. मग तिच्या वरच्या बाईंना विचारून आली. त्या म्हणाल्या, एक तर त्या घरची मैत्रीण राहा, नाही तर त्याची थेरपिस्ट हो. दोन्ही नाही चालणार."

मग विचारलं, "काय बोलते तुझ्याशी?"

"फार नाही बोलत. गप्प बसते."

"तिचं ते गप्प बसणं!"

"हौ," मिलिंद म्हणाला, "तेच कामी आलं. दुसरं कुणी मला गप्प राहूच देत नव्हतं."

"पण सगळ्यांसमोर कशाला जय भीम घातलास? आता ग्रुपभर होईल. तू नसता घातलास तर ती बोललीच नसती."

मिलिंदने गाडी सिग्नलला थांबवली. "बाबा काय म्हणायचे? समोरच्याची वाट नाही पाहाची." एवढं बोलला आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागला. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला. वाजव बाप्पा, म्हटलं, काय वाजवायचा तो वाजव.

त्यांचं ते शनिवारचं बसणं पुढे उन्हाळ्यात संपलं. ती पास झाली, खरीखुरी थेरपिस्ट झाली, आणि लीड्सला गेली. आमच्याकडे जेवायला काही आली नाही. मिलिंद म्हणतो, संपलं तरी येता येत नाही, तोही नियमच. असले नियम करणाऱ्यांच्या घरी कुणी जेवायला येतं की नाही देव जाणे. माझा मोठा कुकर अजून तिच्याकडेच आहे.

गेल्या महिन्यात रीडिंग स्टेशनवर दिसली. नवं जॅकेट, खांद्यावर झोळी, तीच तिरकी मान. तिने मला पाहिलं आणि लगेच गाड्यांच्या बोर्डाकडे असं लक्ष दिलं की जणू परीक्षा आहे त्याची. मी प्लॅटफॉर्मभर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "जय भीम, होलिस्टिक!" सुटातली माणसं दचकून कॉफ्या सावरायला लागली. ती वळली. हात जोडले, "जय भीम, ताई," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तिची गाडी लागलेली होती, दारं बंद व्हायची वेळ झाली होती. आत चढून ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले, पण काही विचारलं नाही. तिला विचारता येणारच नव्हतं, ते मला आता पाठ झालं होतं.

"मी प्लॅटफॉर्म नऊवर आहे," मी ओरडून सांगितलं. "आणि तो घरी आहे. लेकीला ओरडतोय."